छोट्या अक्षरातली विहीण

सातवीच्या वर्गात रौशान अपायनी फळ्यावर एकच शब्द तीनदा लिहिला आणि खडू खाली ठेवला.

अल्मा अल्मा अल्मा

"हे वाक्य आहे," त्या म्हणाल्या. "यात विरामचिन्हं नाहीत, मोठी अक्षरं नाहीत. कोणीतरी आळशाने लिहिलंय. दुरुस्त कोण करील?"

कझाक मुले बाईंना 'अपाय' म्हणतात. त्याचा आपल्याकडच्या अर्थाशी काडीचा संबंध नाही, असे कुठलाही कझाक माणूस सांगेल. सातवीची मुले मात्र जरा विचार करून सांगतील.

तर, अल्मा म्हणजे सफरचंद. अल्मा म्हणजेच 'घेऊ नको'. आणि अल्मा हे बायकांचे नाव. अल्माटीपासून तासाभरावरच्या त्या डोंगराखालच्या गावात सफरचंदाच्या बागा जितक्या, जवळजवळ तितक्याच अल्मा. हे सगळे मुलांना जन्मापासून ठाऊक होते, पण फळ्यावर आल्यावर ते व्याकरण झाले आणि वर्ग गप्प झाला.

शेवटी मागच्या बाकावरच्या साकेनने हात वर केला. "सफरचंद सफरचंद सफरचंद. बाजारात ओरडतात तसं."

"मग स्वल्पविराम कुठायत? बाजारात ओरडणारासुद्धा मध्ये श्वास घेतो."

"घेऊ नको, घेऊ नको, घेऊ नको," त्याच्या शेजारचा म्हणाला. "पाहुणे म्हणून गेलो आणि मिठाई आली की माझी आई असंच बघते माझ्याकडे."

वर्ग हसला. अपाय हसल्या नाहीत. बाल्नूर नावाची मुलगी उठून फळ्यापाशी गेली. तिने पहिल्या शब्दाचे पहिले अक्षर मोठे, म्हणजे कॅपिटल केले, त्यापुढे स्वल्पविराम दिला आणि शेवटी पूर्णविराम. "अल्मा, सफरचंदं घेऊ नको," तिने वाचून दाखवले. "माझ्या आईचं नाव आहे ना, म्हणून लगेच दिसलं."

"बरोबर. पहिलं अक्षर मोठं का?"

"नाव आहे म्हणून. आणि वाक्याची सुरुवात आहे म्हणून."

"मग अपाय," साकेनला खरोखरच शंका आली, "नुसतं मोठं अक्षर बघून ते नाव आहे की वाक्याची सुरुवात, हे कसं ओळखायचं?"

"हुशार माणूस ओळखतो," अपाय म्हणाल्या. "बस खाली."

आपल्या मराठीत मोठी-छोटी अक्षरे नाहीत. त्यामुळे कोणाचा अपमान करायचा तर आपल्याला निदान एक वाक्य तरी खर्ची घालावे लागते. तिकडे ते काम एका अक्षरात होते. माणसाचे नाव छोट्या अक्षराने लिहिणे म्हणजे भर चौकात त्याची टोपी उडवणे, असे रौशान अपाय दर वर्षी प्रत्येक वर्गाला सांगत. ज्याने टोपी उडवली त्याने ते नाव पानभर नीट लिहायचे. मध्ये चूक झाली तर नवे पान. अर्ध्या गावाने हे पान कधी ना कधी लिहिलेले होते.

अपायनी आयुष्यात चुकीचा स्वल्पविराम दिला नव्हता. लग्नाच्या पत्रिका छापायला जाण्याआधी त्यांच्याकडे येत. दुकानाची पाटी चुकली असेल तर त्या आत जाऊन, काही विकत न घेता, तेवढे सांगून बाहेर पडत. घरातही तेच. त्यांचे यजमान ओराझबेक स्वभावाने मऊ माणूस. ते म्हणायचे, "आमच्याकडे रौशान मुख्य वाक्य. मी आपलं उपवाक्य. एकट्याने मला काही अर्थ नाही."

अशा या अपायच्या एकुलत्या एका मुलाने, एर्मेकने, लग्न ठरवले ते बाल्नूरच्या थोरल्या बहिणीशी, झान्सायाशी. मुलगी शिकलेली, गुणाची, हसरी. तिच्यात खोट काढता येईना, म्हणून अपायनी ती तिच्या आईत काढली. आई म्हणजे अल्माबाई. घरची बाग होती, आणि बाजारात फाटकाजवळ त्या स्वतः सफरचंदे विकायला बसत. "सफरचंदवालीशी सोयरीक," अपाय घरात एकदाच म्हणाल्या होत्या. पुन्हा म्हणाल्या नाहीत, कारण एर्मेक त्या दिवशी जेवला नव्हता. पण मनात ते वाक्य पूर्णविरामाशिवाय तसेच लोंबकळत राहिले होते.

वर्गात हे चालले होते त्याच्या दुसऱ्या दिवशी डुलांचा कार्यक्रम होता. मुलाच्या आईने मुलीच्या घरी जायचे आणि तिच्या कानात डूल घालायचे. डूल कानात गेले की मुलगी यांची झाली. ओराझबेकनी उत्साहाच्या भरात आज सकाळीच फोनवर 'व्याही मंडळी' नावाचा एक ग्रुप काढला होता आणि दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांना त्यात कोंबले होते.

फळ्यावरचे वाक्य पुसून अपाय उपवाक्यांकडे वळल्या, तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला. वर्गात फोन आणायचा नाही, आणलाच तर टेबलावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा, हा नियम त्यांनीच केलेला. त्यांनी मुलांना लिहायला एक वाक्य दिले आणि टेबलाखाली हळूच बघितले. एर्मेकचा निरोप होता. "आई, बाजारात आहे. उद्यासाठी मिठाई घेतली, शाल घेतली. सफरचंदं पण घेऊ का?"

अपायच्या कपाळाला आठी पडली. बागेच्या मालकिणीच्या घरी सफरचंदे घेऊन जायची? लोक हसतील. त्यांनी टेबलाखाली, एका अंगठ्याने, वर्गाकडे बघत बघत उत्तर लिहिले. सफरचंदे घेऊ नको. म्हणजे कझाकमध्ये, अल्मा अल्मा. फोन आपोआप मोठे अक्षर देतो, चुका सुधारतो, हे तुम्ही म्हणाल. इतरांचे देतात. अपायनी फोन घेतला त्याच दिवशी एर्मेकला बसवून ती सगळी सोय बंद करून घेतली होती. यंत्राने आपल्या चुका काढाव्यात हे त्यांना मान्य नव्हते.

पण त्या उत्तरासाठी यादीतल्या एर्मेकच्या नावावर अंगठा ठेवत असतानाच ग्रुपवर अल्माबाईंचा निरोप आला होता. निरोपांची यादी अंगठ्याखाली सरकली, एर्मेक खाली गेला, 'व्याही मंडळी' वर आली आणि उत्तर तिकडे लिहिले गेले. आता ग्रुपवर ओळीने दिसत होते ते असे. अल्माबाई: "उद्या दुपारी तुमचे डूल आम्ही आनंदाने घेऊ. विहीणबाई, काही सांगायचं असल्यास सांगा." आणि लगेच खाली, विहीणबाई: "अल्मा अल्मा".

अल्मा, घेऊ नको.

अपायना यातले काहीच दिसले नाही, कारण बाल्नूर समोर उभी होती. "अपाय," ती अगदी नम्रपणे म्हणाली, "फोन डब्यात."

सगळा वर्ग बघत होता. अपायच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एवढ्या वर्षांत वर्गात मान खाली घालायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्यांनी फोन डब्यात टाकला, झाकण लावले आणि शाळा सुटेपर्यंत तो उघडायचा नाही असे स्वतःला बजावले. नियम म्हणजे नियम.

थोड्या वेळाने डबा गुरगुरायला लागला.

"मेंढा कापला जाईल, जर पाहुणे आले," अपायनी आवाज चढवून वाचले. "यात मुख्य वाक्य कोणतं?"

"कोणासाठी?" साकेनने विचारले. "मेंढ्यासाठी की पाहुण्यांसाठी?"

डबा टेबलावर थरथरत हळूहळू कडेला आला. अपायनी तो पुन्हा मध्ये सरकवला आणि उपवाक्यांचे प्रकार शिकवत राहिल्या. पुढच्या तासालाही त्यांनी डबा उघडला नाही. त्यांना वाटले, आज आपण मुलांपुढे एक चांगले उदाहरण ठेवले.

शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात, त्यांनी झाकण काढले. ग्रुपवर अल्माबाईंचा भाऊ सैतकाली याने पहिल्यांदा नुसते प्रश्नचिन्ह पाठवले होते. मग दोन प्रश्नचिन्हे. मग कुठल्याशा मावशीने, "हे खरं का?" मग अल्माबाईंचा एकच शब्द, "समजलं." त्यापुढे पूर्णविराम. त्यानंतर सैतकाली ग्रुप सोडून गेला, मावशी गेली, आणि सगळ्यात शेवटी झान्साया.

अपाय मटकन खुर्चीत बसल्या. पण सवय माणसाला सोडत नाही. त्यांना सगळ्यांत आधी काय दिसले असेल, तर आपल्या हातून वाक्य छोट्या अक्षराने सुरू झाले आहे आणि शेवटी पूर्णविराम नाही. ते त्यांना सहनच होईना. लोकांना अर्थ कळला नाही तो यामुळेच, असे त्यांना मनापासून वाटले. त्यांनी ते वाक्य पुन्हा, नीट, नियमाप्रमाणे लिहून पाठवले. सुरुवातीला मोठे अक्षर, शेवटी पूर्णविराम. "अल्मा अल्मा." म्हणजे, सफरचंदे घेऊ नको. झाले.

ग्रुपमधले उरलेसुरले लोकही निघून गेले. आता त्यात नवरा, बायको आणि एर्मेक एवढेच व्याही उरले.

तेवढ्यात ओराझबेकांचा फोन आला. "रौशान, अगं काय चालवलंयस तू?" त्यांचा आवाज कधी नव्हे तो चढलेला होता. "आधी विहिणीचं नाव छोट्या अक्षरात. मग तेच पुन्हा, नाव तेवढं सुधारून. वर पूर्णविराम. म्हणजे आता बोलायला जागाच नाही."

"ते नाव नाहीये हो. ती वाक्याची सुरुवात आहे. मी एर्मेकला सफरचंदं घेऊ नको म्हणत होते."

"हे कोणाला कळणार?"

"हुशार माण..." अपाय म्हणाल्या आणि थांबल्या.

"दुसऱ्या कोणी लिहिलं असतं ना, तर लोक म्हणाले असते, घाईत चुकलं," ओराझबेक म्हणाले. "पण सगळ्या गावाला माहितीय की रौशान अपाय चुकत नाही. चुकत नाही म्हणजे मुद्दाम लिहिलं. सैतकालीने बांधलेला मेंढा सोडून दिलाय. तालदिकोर्गान शहराहून निघालेले त्यांचे पाहुणे अर्ध्या रस्त्यातून परत फिरलेत. आणि एर्मेकचा फोन लागत नाहीये."

"मग आता?"

"आता मी काय सांगू? मी उपवाक्य."

अपाय पायीच निघाल्या. अल्माबाईंचे घर गावाच्या वरच्या टोकाला, बागेला लागून. सगळी चढण आणि सगळी ओळखीची माणसे. पिठाच्या दुकानाच्या दारात दुकानदार उभा होता. त्याच्या पाटीतला स्वल्पविराम अपायनी दोनदा बदलायला लावला होता.

"अपाय, एक शंका होती," तो म्हणाला. "अल्मा नंतर स्वल्पविराम येतो ना?"

अपाय पुढे चालत राहिल्या. त्यांना स्वतःची लाज वाटत होती आणि त्याहून जास्त, ती लाज लोकांना दिसत होती याची. पुढे बसथांब्यावर दोन बायका बोलता बोलता गप्प झाल्या. अपायनी कितीतरी मुलांना असे वर्गापुढे उभे केले होते. उभे राहणाऱ्याला फळ्यापर्यंतची वाट केवढी लांब वाटत असेल, हे त्यांना त्या चढावर पहिल्यांदा कळले.

अल्माबाईंच्या फाटकापाशी एक मेंढा मजेत गवत खात होता. अपायच्या निरोपाने खूश झालेला त्या दिवशी तो एकटाच.

आत मोठ्या खोलीत जमिनीवर जेवणाचे दस्तरखान पसरलेले होते. उद्यासाठी तळलेले कणकेचे बाउरसाक परातीत तसेच पडलेले, आणि कोणी त्यांना हात लावत नव्हते. झान्साया कोपऱ्यात, डोळे सुजलेले. बाल्नूर तिच्याशेजारी दप्तर मांडीवर घेऊन. सैतकालीमामा भिंतीशी बसून मिशी ओढत होते. अल्माबाईंचे यजमान वारल्यापासून त्या घरात मामांच्या शब्दाला वजन होते, आणि मामांना ते वापरायची हौस होती.

अल्माबाईंनी पाहुणीला बसायला खुणावले आणि चहा ओतला. काठोकाठ.

तिकडे पाहुण्याला चहा वाटीत तळाशी थोडाच ओततात. तो संपला की पुन्हा थोडा, पुन्हा थोडा. त्यात माया असते, बसा, बोला, असे सांगणे असते. वाटी काठोकाठ भरून पुढे आली की समजायचे, प्या आणि चपला शोधा. अपायनी त्या भरलेल्या वाटीकडे बघितले. असा स्वच्छ पूर्णविराम त्यांनी फळ्यावरसुद्धा काढला नव्हता.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या.

मामांनी मिशी सोडली. हे वाक्य अपायच्या तोंडून गावात कोणी ऐकले नव्हते.

"मी एर्मेकला सांगत होते. सफरचंदं घेऊ नको म्हणून. निरोप चुकून तुमच्याकडे आला. मी तुम्हाला कशाला म्हणेन डूल घेऊ नका?"

"सफरचंदं का नकोत?" मामांनी विचारले. "आमच्या घरी चांगली दिसणार नाहीत?"

"तसं नाही हो. तुमच्याकडे बाग आहे, म्हणून."

"बाग आहे म्हणून माणसाने सफरचंद आणू नये? माझा धाकटा मेंढ्या राखतो, त्याच्या लग्नात लोकांनी मांस नाही खाल्लं?"

अपाय गोंधळल्या. मग त्यांना सगळ्यात भक्कम मुद्दा सुचला. तो व्याकरणातला होता, म्हणून त्यांना जरा धीर आला. "हे बघा, मी 'घेऊ नको' लिहिलंय. 'नका' नाही. तुम्हाला लिहायचं असतं तर मी 'नका' लिहिलं असतं. विहिणीला मी 'तू' म्हणेन का?"

अल्माबाई पहिल्यांदाच बोलल्या, आणि आवाज न चढवता बोलल्या.

"म्हणता की. बाजारात नेहमीच म्हणता."

अपायनी मान वर केली.

"'ए अल्मा, दोन किलो दे. डागाळलेली घालू नकोस.' दर रविवारी," अल्माबाई म्हणाल्या. "माझ्या शेजारी मासेवाली बसते, तिला तुम्ही 'बाई' म्हणता, कारण ती तुमच्या वर्गातल्या मुलीची आई. माझी बाल्नूर पण तुमच्याच वर्गात आहे. मी म्हटलं, असू दे. पण आज ते लिहिलेलं बघितलं ना, छोट्या अक्षरात, तेव्हा मला अजिबात वाटलं नाही की अपाय चुकल्या. मला वाटलं, बोलतात तसंच लिहिलंय."

निरोप चुकून गेला होता, हे खरे होते. पण या बाईचे नाव आपण इतकी वर्षे मनात छोट्याच अक्षराने लिहीत आलो, हेही खरे होते, आणि ते कुठल्याही फोनने केलेले नव्हते. त्यांना वाटले, त्या भरलेल्या वाटीत डोके बुडवावे.

बाल्नूरला ते बघवेना. मुले अशा वेळी जे माहीत असते ते बोलतात. "नाव छोट्या अक्षरात लिहिलं तर पानभर," ती पुटपुटली. "मध्ये चुकलं तर नवं पान."

"बाल्नूर," झान्साया दबक्या आवाजात ओरडली.

"तसा नियम आहे," बाल्नूर म्हणाली.

अपायनी तिच्याकडे बघितले. मग हात पुढे केला. "एक कोरा कागद दे. आणि पेन."

बाल्नूरने वहीतला कागद फाडून दिला. अपाय दस्तरखानावरची बाउरसाकांची परात सरकवून लिहायला बसल्या. अल्मा. अल्मा. अल्मा. मोठे अक्षर, नीट, ओळीने. मामा उठून त्यांच्या मागे येऊन उभे राहिले आणि चष्मा लावून बघू लागले. लहानपणी त्यांनीही हे पान लिहिले होते, अपायचे सासरे मास्तर असताना त्यांच्याच वर्गात, त्यामुळे त्यांना त्यातले बारकावे माहीत होते.

"ही ओळ वर चढलीय," ते म्हणाले.

"हो," अपाय म्हणाल्या.

अर्ध्या पानावर त्यांच्या हातून एक अल्मा छोट्या अक्षराने उतरली. कोणाच्या लक्षात आली नसती. अपायनी पेन उचलले, त्या शब्दाकडे बघितले आणि म्हणाल्या, "बाल्नूर, दुसरा कागद."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. दार ढकलून एर्मेक आत आला, घामाघूम, हातात एकावर एक रचलेल्या दोन पेट्या. त्याला बघून झान्साया उभी राहिली. त्याला मात्र पेट्यांमुळे समोरचे काही दिसत नव्हते.

"माफ करा, उद्याचंच आहे पण म्हटलं आजच पोचवावं," तो पेट्यांच्या मागून म्हणाला. त्याला झान्सायाला बघायला काहीही निमित्त पुरे. "फोन बंद पडला माझा. त्याआधी ग्रुपवर तेवढा आईचा निरोप बघितला होता. ती कधी चुकत नाही ना, म्हणून नीट वाचला. दोन्ही शब्द छोट्या अक्षरात, म्हणजे नाव नाही. सफरचंदं सफरचंदं. म्हणून दोन पेट्या आणल्या."

त्याने पेट्या खाली ठेवल्या आणि सगळ्यांचे चेहरे बघितले. सुजलेले डोळे, मामांचा चष्मा, आणि दस्तरखानाशी बसून विहिणीचे नाव लिहिणारी आपली आई.

"कमी पडतील का?" त्याने विचारले.

पहिल्यांदा मामांना हसू फुटले. ते मिशीतून निघाले आणि मग आवरेना. "सफरचंदं सफरचंदं," ते भिंतीला धरून म्हणत होते. झान्साया रडता रडता हसली, बाल्नूर हसली. आता पुरावाच दारात आला होता. निरोप पोराला होता आणि सफरचंदांचाच होता, मग त्याने उलटे का केले असेना.

अल्माबाई हसल्या नाहीत. त्यांनी पेटीतले एक सफरचंद उचलले, अंगठ्याने दाबले, नखाने साल खरवडली. "बाजाराच्या फाटकासमोरच्या निळ्या गाडीवाल्याकडून घेतलीस?"

"हो. म्हणाला, झाडावरची ताजी आहेत."

"मागच्या सालची आहेत. मेण लावलंय." त्यांनी सफरचंद परत ठेवले आणि अपायकडे बघितले. "म्हणजे घेऊ नको म्हणालात ते बरोबरच होतं."

"चला, झालं तर मग," मामा डोळे पुसत म्हणाले. "अपाय, ठेवा ते पेन. गैरसमज मिटला."

अपायनी अल्माबाईंकडे बघितले. अल्माबाईही त्यांच्याकडे बघत होत्या. निरोपाचा गैरसमज मिटला होता. बाजारातल्या रविवारांचा गैरसमज नव्हताच, आणि ते त्या खोलीत फक्त या दोघींच्या ध्यानात होते.

"पान पूर्ण होऊ दे," अल्माबाई म्हणाल्या.

"होऊ दे," अपाय म्हणाल्या, आणि दुसऱ्या कागदावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

एर्मेक काही न समजून दाराशी उभा राहिला. झान्सायाने त्याला बाही धरून बाहेर नेले आणि सगळे सांगितले. आत पेनाचा तेवढा आवाज येत होता. अपायनी घाई केली नाही. प्रत्येक अल्मा मोठ्या अक्षराने लिहिताना त्यांना बाजारातला एकेक रविवार आठवत होता, आणि त्यांचे कान पुन्हा तापत होते. शेवटच्या ओळीत शेवटचे नाव लिहून त्यांनी कागद अल्माबाईंपुढे सरकवला.

अल्माबाईंनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. एकच शब्द, पण त्या वाचत होत्या. "अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या, आणि कागदाची घडी घालून चहाच्या डब्याखाली ठेवली.

मग त्यांनी अपायपुढची गार झालेली, काठोकाठ भरलेली वाटी उचलली, चहा ओतून टाकला आणि नवा ओतला. तळाशी, थोडासा.

अपायनी ती वाटी दोन्ही हातांनी धरली. एवढासा चहा त्यांनी घोट घोट करत संपवला.

"उद्या दुपारी ये," अल्माबाई म्हणाल्या. "आणि हे बघ, अल्मा अल्मा."

मामांचा मिशीवरचा हात जागच्या जागी थांबला. अल्माने रौशान अपायना, सगळ्या गावाला पान लिहायला लावणाऱ्या बाईला, तोंडावर 'तू' म्हटले होते. मामांनी घाबरून अपायकडे बघितले, की आता ही काय दुरुस्त करते.

अपायनी वाटी पुढे केली. "नाही आणत गं," त्या म्हणाल्या. "ओत अजून थोडा."

अल्माबाईंनी पुन्हा तळाशी थोडासा ओतला. मामा पुटपुटत उठले, दोरी घेतली आणि मेंढा शोधायला बाहेर पडले.